कथबर्ट पिअर्टचा आवाज

कथबर्ट पिअर्ट उपदेशाला उभा राहिला की रस्त्यापलीकडची मेंढरं चरायची थांबतात, असं उत्तर इंग्लंडमधल्या वीअरडेलच्या खोऱ्यात सगळेच सांगत. यात अतिशयोक्ती असलीच तर थोडी. त्याच्या पणजोबांच्या काळी चॅपलची, म्हणजे त्याच्या पंथाच्या साध्या प्रार्थनाघराची माणसं उघड्या माळावर उभी राहून देवाला अशा हाका घालत, की लोकांनी त्यांना 'रँटर' नाव ठेवलं, म्हणजे आरडाओरडा करणारे. नाव चिकटलं आणि पुढे त्यांनाच त्याचा अभिमान वाटू लागला. कथबर्टला तर जरा जास्तच.

आठवडाभर तो खाणीत राबे. रविवारी मात्र उपदेशकांच्या तिमाही पत्रकात ज्या चॅपलपुढे त्याचं नाव छापलेलं असेल तिथे डोंगर ओलांडून जाई, कधी पाच मैल, कधी आठ. पैसा मिळायचा नाही. चहा आणि केकचा तुकडा मिळे, आणि पाऊण तास कुणी मधे बोलत नसे. त्याला तेवढं पुरे होतं.

त्याच मुलखात 'रँट' नावाचा एक नाचही आहे. फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, तालावर टाच आणि चवडा फळीवर ताडताड वाजवायचा. त्या नाचात हॅनाची बरोबरी करणारी पोर खोऱ्यात नव्हती, आणि हॅना नेमकी कथबर्टच्या प्रेमात पडली. नाच सोड, असं त्याने तिला कधी म्हटलं नाही. तशी गरजच पडली नाही. लग्नाच्या महिनाभर आधी त्याने नाचाच्या पापावर उपदेश केला होता आणि हॅना पहिल्या बाकावर बसली होती.

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तेव्हा हॅना गेली. मूलबाळ नव्हतं. सोमवार ते शनिवार कथबर्टला बोलायला माणूस उरलं नाही. किटलीशी बोलून किती बोलणार? मग सहा दिवसांचं साचलेलं सगळं रविवारी बाहेर पडू लागलं. पाऊण तासाचा दीड तास झाला. बाकांवरून कुजबुज ऐकू येई, "म्हातारा लागला रँट करायला." आता त्या शब्दात ना देव उरला होता ना नाच. वैतागलेल्या माणसाची बडबड, एवढाच अर्थ होता. कथबर्टचे कान शाबूत होते. त्याला ते लागलं, फार लागलं.

मार्चमध्ये नवे धर्मगुरू घरी आले. चहा घेतला, तब्येत विचारली, आणि पुढच्या पत्रकात त्याचं नाव नसेल असं हळूच सांगून गेले. एकच रविवार उरला होता. त्यानंतर सातही दिवस किटलीच.

शेवटच्या दिवसासाठी त्याने सगळ्यांना फाडून खाईल असा उपदेश लिहिला. विषय होता कान असून न ऐकणारी माणसं. पण रविवारी दुपारी गारठा पडला आणि ज्यांना निमित्त हवं होतं त्यांना ते मिळालं. चॅपलमध्ये एकटी इझबेल वायपाँड आली, हॅनाची लहानपणापासूनची मैत्रीण. कथबर्टने पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि त्या एकटीसाठी पूर्ण आवाजात सुरुवात केली.

"कथबर्ट," इझबेल म्हणाली, "मी दोन हातांच्या अंतरावर बसलेय. इतकं ओरडू नको."

तो थांबला. चेहरा उतरला. "हॅनाने कधी तक्रार केली नाही," तो म्हणाला.

"तिला बोलायला तू जागा कधी ठेवलीस?"

मग इझबेलने सांगितलं. रविवारी तो डोंगराआड गेला की हॅना टेबल भिंतीला सरकवायची आणि स्वयंपाकघरात नाचायची. फिडल नाही, जोडीदार नाही, तोंडानेच गुणगुणत. इझबेलने एकदा खिडकीतून पाहिलं, तर हॅनाने तिच्याकडून कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं.

"किती वर्षं?"

"गुडघे गेले तोवर."

कथबर्टने उपदेशाच्या चौथऱ्याचा कठडा धरला. तो परक्या बाकांपुढे घसा फोडत होता आणि घरी त्याची बायको एकटी नाचत होती, असे किती रविवार गेले ते त्याला मोजवेना.

"मला सांगायचं होतं तिने."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

कथबर्टने समोरच्या लिहिलेल्या कागदांकडे पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"उपदेश केला असता," तो म्हणाला.

तो खाली उतरला आणि तिच्या बाकावर, थोडं अंतर राखून बसला. कागद घडी करून खिशात घातले.

"नाचताना कशी दिसायची ती?" त्याने विचारलं.

इझबेल सांगू लागली. खिडक्यांतला उजेड मावळेपर्यंत सांगत राहिली, आणि कथबर्ट पिअर्ट मधे एक शब्दही बोलला नाही.