झोपेचं गाऱ्हाणं

तुरुंगातल्या पहिल्या रात्री संचिता गाढ झोपली. नवऱ्याला कोयत्यानं मारून आलेली बाई अशी घोरत पडते म्हटल्यावर बाकीच्या बायका घाबरून लांब सरकल्या. त्यांना काय ठाऊक, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बिचारीला रात्री कुणाच्या पावलांची धास्ती नव्हती.

शिक्षा भोगून ती कसालला एसटीतून उतरली आणि सासूच्याच दारात आली. माहेरी कोणी उरलं नव्हतं. सासूनं, सत्यवतीनं, दार उघडलं, पेज वाढली, पण तोंडातून एक शब्द नाही. गावाची तोंडं मात्र चालूच. कोण म्हणे हिच्या अंगात आलं होतं, कोण म्हणे बाहेर लफडं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला!

संचिताची झोप पुन्हा उडाली. डोळे मिटले की घर होडीसारखं हलायला लागायचं आणि ती दुपार यायची. काजूच्या मोहराचा वास, ओटीवर निजलेला तो, तोंड तान्ह्या पोरासारखं उघडं. रात्रभर मला मारून हा किती छान झोपलाय, एवढंच तिच्या मनात आलं होतं. त्यापुढचे कोयता उचलणारे हात तिला कुणा दुसऱ्याच बाईचे दिसत.

शेवटी तिनं गावच्या देवळात नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायला म्हातारा बाबली गावकर उभा राहिला. तो मागणार, जमलेल्यांनी होकार द्यायचा, तेव्हाच मागणं देवाला पोचतं.

"काय मागूचा, गो?"

"माका तेव्हा राग नाय इल्लो, काकानूं. माका झोप व्हयी हुती. तीच मागा."

बाबली गडबडला. मग त्यानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझ्यासमोर नारळ ठेवल्यान हा. त्याच्या हातून जीव गेलो. तरी त्येका त्याच घरात झोप लागू दी रे म्हाराजा!"

कोणी हूं की चूं केलं नाही. मेलेल्याची आई समोर बसलेली असताना आधी तोंड कोण उघडणार? संचिताला सगळं देऊळ पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं. माणसं दिसत होती, आवाज कुणाचाच नव्हता. आता नाहीच मिळणार, तिला वाटलं.

सत्यवती खांबाला धरून उठली.

"बाबली, माझाय नाव घाल त्येच्यात. मधी नुसती एक भिंत हुती. मी रोज जागीच होतंय. सगळा ऐकत होतंय."

आणि सगळ्यांच्या आधी तीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."