उजवी पाकळी

"उदकावांगडा की पेजेवांगडा?"

पाण्याबरोबर की पेजेबरोबर, एवढेच ती सकाळी हेल्मेट सोप्यावर ठेवता ठेवता विचारी. "गोळ्या घेणार का?" असे तिने माझ्या धाकट्या भावाला विचारलेले मी कधी ऐकले नाही. एखाद्याचे बोलणे आपण काही दिवस लक्ष देऊन ऐकले, की त्यातली योजना दिसू लागते. तिच्या प्रश्नात नकाराला जागा नव्हती.

ती आरोग्य केंद्राची क्षयरोगाची कर्मचारी. आमच्या आमोणे गावात येई, पण स्कूटर आमच्या दारात न लावता दुकानापाशी लावी. शेजाऱ्यांना विषय नको म्हणून. भाऊ खाणीवरचा ट्रक चालवी. त्याचा क्षय नेहमीच्या औषधांना न जुमानणारा निघाला होता. उपचार मध्येच सोडला तर पुढे देण्यासारखे फारसे उरत नाही, असे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितले होते.

खोकला थांबला, वजन वाढले, आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. कातडी काळवंडली. पायांना मुंग्या येऊ लागल्या. ते तिने त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घातले आणि एका औषधाची मात्रा कमी झाली. तरीही भाऊ भिंतीकडे पाहून म्हणे, "बऱ्या मनशाक हीं वखदां कित्याक?" बऱ्या झालेल्या माणसाला औषधे कशाला, हेच त्याचे पालुपद.

एके सकाळी ती येण्यापूर्वीच तो देवळात जाऊन आला. औषध सोडू का, असे गाऱ्हाणे त्याने घातले. गुरवाने कौलासाठी मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली. उजवी म्हणजे होकार. आमच्याकडे त्यावर अपील नाही.

ती आली. "देवान सोड म्हणून सांगलां," भावाने ऐकवले. ती वाद घालील असे मला वाटले. तिने देवळाच्या दिशेने हात जोडले.

"बरें जालें, भाई. केन्ना सोडूंक सांगलां?"

केव्हा? भावाने माझ्याकडे पाहिले.

"विचारूंक ना?"

"ना."

"मागीर तें विचारूंया. हांव येतां वांगडा."

कुतूहलाने मीही मागोमाग गेलो. या वेळी गाऱ्हाण्याचे शब्द तिने गुरवाला सांगितले: आजच सोडायचे असेल तर उजवी, डॉक्टर सांगतील तेव्हा सोडायचे असेल तर डावी. बराच वेळ एकही पाकळी हलली नाही. तिच्या मुठीत गोळ्यांचे पाकीट होते आणि पाकळ्यांवरची नजर न काढता ती त्यातल्या गोळ्या बोटांनी पुन्हा पुन्हा मोजत होती. तिला घाबरलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

डावी पडली. भावाने देवळाच्या विहिरीचे पाणी शेंदले आणि तिथेच गोळ्या घेतल्या.

परतताना मी विचारले, "आणि उजवी पडली असती तर?"

"फाल्यां परत येवपाचें, मास्तर." उद्या पुन्हा यायचे, इतक्या सहज ती म्हणाली. "देवाक कंटाळो येना. मनशाक येता."

पुढे तिची बदली समुद्रकाठच्या केरीला झाली. उरलेले औषध भावाने दुसऱ्या कर्मचाऱ्यासमोर, तक्रार न करता, पुरे केले. डॉक्टरांनी ते थांबवले त्या आठवड्यात परसातले दोन दुधी पिशवीत घालून तो केरीला गेला.

"भेटली?" तो आल्यावर मी विचारले.

समुद्राकडच्या एका अंगणात ती उभी होती, असे त्याने सांगितले. समोर जाळी ओढणारा एक म्हातारा रापणकार मान वर करून पाण्याबरोबर गोळ्या गिळत होता आणि ती त्याच्या गळ्याकडे पाहत होती. भाऊ कुंपणापाशी थांबला. गळा हलला. मग पिशवी तिच्या स्कूटरला अडकवून, हाक न मारता, तो परत आला.