मुखवट्याची आतली बाजू

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात, हिलटाउनच्या चढावर गेडिस मंडळींचं घर आहे, आणि त्या घरात एक नियम होता. धाकट्या लॉर्नला खिडकीबाहेर नसलेलं काही दिसलं की त्याच्याशी वाद घालायचा नाही, आणि होला हो करायचं नाही. नुसतं म्हणायचं, "मला नाही दिसत रे." त्याच्या आजाराच्या, स्किझोफ्रेनियाच्या, पहिल्या वर्षी घरी येणाऱ्या नर्सबाईंनी ते शिकवलं होतं. त्याची थोरली बहीण ऊना हे वाक्य इतक्यांदा बोलली होती, की त्यातला मऊपणा पार झिजून गेला होता. चुकतोयस तू, एवढंच काय ते त्यात उरलं होतं.

ऊना चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायची. शिकली होती मानसशास्त्र. समोरचं जग डोळ्यांतून आत येताना मन त्याचं काय करतं, यावर संशोधन करायचं तिला वेड होतं. विद्यापीठात त्यासाठी दरसाल एकच जागा निघायची: फी माफ, वर तीन वर्षं विद्यावेतन. दोनदा अर्ज केला, दोनदा हात हलवत परत आली. यंदा मात्र तिची आई, नेटा, निक्षून म्हणाली, "या खेपेला नाही झालं तर दुकानाची मॅनेजरकी घे बाई. स्वप्नं काही मला ताटात वाढता येत नाहीत."

मुलाखतीची रीत विभागप्रमुख इंग्रमबाईंनी घालून दिलेली. उमेदवाराने घरातली एक वस्तू आणायची, त्या वस्तूने समोरच्यांचे डोळे फसवून दाखवायचे आणि मगच बोलायचं. ऊनाने कपाटातून लॉर्नचा लहानपणचा मुखवटा शोधून काढला. ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या रात्री, तो घालून लॉर्न दारोदार गाणी म्हणत खाऊ गोळा करायचा.

रविवारी खिमा-बटाट्यांचं जेवण झाल्यावर तिने तो एका काठीला बांधला आणि त्याची आतली, पोकळ बाजू आईकडे केली. मग काठी हळूहळू फिरवली.

"अगं, हा बघतोय माझ्याकडे," म्हणत आईने खुर्ची सरकवली. चेहराही तिच्यामागे वळला.

"आई, तो पोकळ आहे. नाक आत गेलंय. बोट घालून बघ."

आईने बोट घातलं. काढलं, तर नाक पुन्हा बाहेर आल्यासारखं. ऊनाचंही तेच होत होतं. सगळं माहीत असून तिचे डोळे ऐकायला तयार नव्हते.

लॉर्न भांडी धूत होता. हात पुसत आला.

"बघ ना, नाक कसं बाहेर आलंय," ऊना म्हणाली. "आणि तुझ्याकडेच वळतोय."

तो वाकला. नीट पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून, तिला जराही दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाला, "मला नाही दिसत, ऊना."

"म्हणजे?"

"वाडग्यासारखा आहे. माझा जुना मुखवटा, आतून. तुम्हाला दुसरं काही दिसतंय का?"

लॉर्नने वाद घातला नाही. चहाचं आधण ठेवायला गेला.

या आजाराच्या काही माणसांना असा मुखवटा फसवू शकत नाही, हे ऊनाने वाचलं होतं. वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. ती माणसं म्हणजे आपल्याच घरात भांडी धुणारा लॉर्न, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या घरात, त्या एका घटकेला, जे आहे ते फक्त त्याला दिसत होतं.

मुलाखतीत मुखवटा फिरला तसे समोरचे तिघेही परीक्षक नकळत मागे सरकले. पाठ केलेलं सगळं ऊनाने गिळलं आणि स्वयंपाकघरातली गोष्ट सांगितली.

इंग्रमबाईंनी विचारलं, "भावाला आणाल प्रयोगाला?"

या उत्तराने जागा हातची जाऊ शकते, हे ऊनाला कळत होतं. "विचारीन," ती म्हणाली. "नको म्हणाला तर नाही आणणार. दुसरी माणसं शोधेन. पण त्यांना काय दिसत नाही, ते मोजायचं नाहीये मला. आपण सगळे मिळून काय चुकीचं बघतो, ते त्यांच्याकडून शिकायचंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं, आणि बराच वेळ तो मुखवटाच पाहत राहिल्या.

जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा आईने एप्रनला डोळे पुसले आणि दुकानाच्या मालकाला दोन शिव्या घातल्या. लॉर्न खिडकीशी उभा होता.

"तपकिरी कोटवाला आलाय," तो म्हणाला. "दिव्याच्या खांबापाशी."

ऊना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. खांब होता, ओला चढ होता, माणूस नव्हता. नव्हताच, हे तिला ठाऊक होतं. तरी आज ती लगेच वळली नाही. ज्या डोळ्यांनी त्या रविवारी तिला बाहेर आलेलं नाक दाखवलं होतं, त्याच डोळ्यांनी तिने पुष्कळ वेळ पाहिलं.

"मला नाही दिसत रे," ती म्हणाली. "कसा दिसतो, सांगशील?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो सांगू लागला.