मामांच्या पोटाचा निकाल

शांती नगरच्या समस्त रहिवाशांना जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या हिच्या मामांचं पोट गप्प झालं आहे! अशी नोटीस लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावायचं मी तेव्हा खरोखर मनात आणलं होतं. कारण ते पोट बोलत होतं तोवर आमच्या अख्ख्या सेक्टरमध्ये दुसऱ्या कुणाला आवाज चढवायची गरजच पडली नव्हती. टँकरचा ठराव मांडून सोसायटीच्या चेअरमननी "किसीको ऑब्जेक्शन?" विचारलं, तर त्या शांततेत मामांचं पोट असं गरजलं की ठराव जागच्या जागी मागे घेतला गेला. मामी मात्र लग्न झाल्यापासून त्या गडगडाटाशेजारी बसून निवांत तांदूळ निवडत आल्या होत्या.

मामांची सगळी भक्ती चहावर. तोही नुसत्या दुधाचा, पाण्याचा थेंब लागला की "यात आपली शेजारची राईची खाडी कुणी ओतली?" म्हणून कप परत. असा चहा पीत ते दिवसभर या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात हिंडायचे. शेवटी डॉक्टरांनी श्वासाची तपासणी सांगितली. दूध पचलं नाही तर आतड्यात हायड्रोजन तयार होतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि फुंकर मारली की मशीनवर दिसतो, असं समजावलं.

"म्हणजे मी चालता सिलिंडर! आणि बाहेर लोक गॅससाठी नंबर लावून बसलेत," मामा म्हणाले.

पण आपला चहा या तपासणीवर अवलंबून आहे हे कळताच ते गंभीर झाले. परीक्षा आहे ना, मग पास व्हायचंच! टीव्हीसमोर प्राणायाम सुरू झाला. बिल्डिंगमधल्या एका वाढदिवसाचे सगळे फुगे त्यांनी एकट्यानं फुगवले, आणि फुगे संपल्यावर दुधाच्या रिकाम्या पिशव्याही.

तपासणीला मी सोबत होतो. आदल्या दिवशी नुसता भात, सकाळपासून उपाशी. दुधातली साखर पाण्यात कालवून प्यायला दिली, आणि मग थोड्या थोड्या वेळानं नळीत फुंकायचं. मामांनी पहिलीच फुंकर अशी मारली की तिथल्या मुलीनं मशीन दोन्ही हातांनी धरलं.

"अंकल, आराम से! शंख नाही वाजवायचा."

आकडा प्रत्येक फुंकरीला वाढत गेला आणि मामांची मानही ताठ होत गेली. "बघा जावईबापू, या वयात डिस्टिंक्शन!" रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायच्या आधीच त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले आणि उरलेले स्वतः खाल्ले.

आकडा वाढायलाच नको होता, हे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. दूध बंद. मामींनी फ्रिजला कुलूप घातलं. मामांनी कुणाकडे जाणंच सोडलं, "कोरा चहा प्यायला जाऊ? मी काय सुतकात आहे?" पोट गप्प, मामा गप्प. जिन्यातून जाताना मला आमची बिल्डिंग रिकामी झाल्यासारखी वाटायची.

एका रविवारी हिनं दोघांना आग्रहानं बोलावलं. लिंबाच्या चहाचे कप समोर आले. मामा पाणी पिऊन येतो म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि जरा जास्तच वेळानं परतले. बसले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि अचानक, सोफ्याच्या त्या टोकाकडून, लांबवर ढग सरकावेत तसा ओळखीचा आवाज आला. मामा छताकडे बघू लागले. त्यांच्या मिशीवर साय होती.

आता स्फोट होणार म्हणून आम्ही श्वास रोखून मामींकडे पाहिलं. मामींनी कप खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आला गं बाई आवाज! इतके दिवस मला घरात एकटी असल्यासारखं वाटत होतं!"