त्या दुपारची शिट्टी

नागपुरात आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने घरून बिनतारी बोलणारे, तेव्हा मोजकेच. लायसन सरकारचं, सेट घरी जोडलेले. बोलण्याआधी सेट जुळवावा लागे, आणि तेवढा वेळ त्यातून शिट्टी हवेत जाई. म्हणून अँटेना काढून तिच्या जागी शंभर वॅटचा दिवा लावायचा आणि त्यावर सेट जुळवायचा. मग शिट्टी कुणाच्या बोलण्यात घुसत नाही. नव्यांना हे मीच शिकवत असे.

एका पावसाळ्यात उमरेडकडचे फोन बंद पडले. तिथले एक मास्तर मोटारीच्या बॅटरीवर सेट चालवून पुराची खबर देत होते. मदतकेंद्रावर आमचाच एकजण ती टिपून घेई. मला नंदनवन वस्तीत घरी बसून नुसतं ऐकायला सांगितलं होतं. ते मला झोंबलं, हे आज कबूल करतो.

धान्य घेऊन उमरेडला निघायच्या जीपचा ड्रायव्हर सकाळी माझ्याकडे केंद्रासाठी बॅटरी न्यायला आला.

"काय जी साहेब, या डब्ब्यातून चहा मागवता येते का?"

"येते. पण थंड होऊन येते."

हसत गेला.

दुपारी मास्तरांचा आवाज बारीक झाला. मधे पडून निरोप आपणच पोचवावा, असं वाटलं. दिवा कपाटात होता. उठलो नाही. तसंच बटण दाबलं. अर्धं मिनिट, फार तर पाऊण. सोडलं तेव्हा केंद्रावरचा ओरडत होता, "कोण शिट्टी वाजवून राहिला? मास्तर, परत सांगा!"

मास्तरांची बॅटरी तेवढ्यात बसली. जीप निघाली.

रपट्यावरून, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जातंय, जीप सोडू नका, असं मास्तर तेव्हा सांगत होते, हे मागून कळलं. ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी सापडला.

शिट्टीवर नाव नसतं. पुढच्या बैठकीत सगळे विचारत होते, कोण होता तो? मीही विचारलं, जरा मोठ्यानेच.

निघताना मास्तर माझ्या सायकलपाशी आले. "मी बोलून थांबलो तं शिट्टीचा शेवट ऐकू आला. तुमच्या सेटची शिट्टी सुटताना जराशी घसरते. मले दुरून ओळखू येते." मग खाली बघत म्हणाले, "दुरुस्त करून घ्या, भाऊ."

मी 'बरं' म्हटलं.

मास्तर मागच्या उन्हाळ्यात गेले. ओळखणारं आता कुणी नाही, म्हणून सांगतो: ती शिट्टी माझी.

सेट दुरुस्त केला नाही. दुपारी पाऊस लागला की अँटेना काढून दिवा लावतो, बटण दाबतो. दिवा पेटतो. आवाज कुठेच जात नाही. तरी कुणीतरी बोलता बोलता थांबल्यासारखं वाटतं, आणि मी बटण सोडतो.