वाडीच्या नळाची पोच

चौक गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रस्ता असो, रेशन असो, आसपासच्या वाड्यांच्या कामांसाठी कचेऱ्यांत खेटे घालणारे काका सगळे अर्ज माझ्याकडेच टाइप करून घेतात. कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत. शिक्का पुसट उमटला तर साहेबाला परत मारायला लावतात.

दर दिवाळीनंतर ते सगळ्या पोचा माझ्या काउंटरवर पसरून काय झालं, काय राहिलं ते बघतात. यंदा त्यांनी एका वाडीच्या नळाची पोच बाजूला काढली. तिच्यावर त्यांनीच लाल पेनाने ‘झालं’ लिहिलं होतं. वाडीने तेव्हा त्यांना शाल दिली होती.

“नळ आला रं,” ते म्हणाले, “पानी दोनच महिने आलं. बाया परत झऱ्यावर जातात. मी बघायला गेलोच नाय.”

त्यांनी ‘झालं’ खोडलं. “नवा अर्ज घे. यंदाचा पयला.”

“कुठल्या साहेबाला द्यायचा, काका?”

त्यांनी स्वतःचंच नाव सांगितलं. मी हसलो, ते हसले नाहीत. प्रिंट निघाल्यावर दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाला’ लिहून त्यांनी सही केली आणि ती माझ्यापुढे सरकवली.

“ही पोच तुझ्याकडं ठेव. पानी येईपर्यंत मला सोडू नको.”