बारा मजले वर, आणि लिफ्टने खाली

तुम्हां दोघांकडे माझा एक फोटो आहे. हातात लोखंडी साखळी, वर बर्फाची शिखरं, आणि मी कॅमेऱ्याकडे पाठ करून. धाकट्याने फोनवर विचारलं होतं, "आजी अशी पाठ करून का उभी आहे?" हे घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

आजोबा निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही आल्प्समधल्या एका जुन्या गावाला जायचं ठरवलं. चाळीस वर्षं जहाजाच्या इंजिनाजवळ काढलेल्या माणसाने जगातली बंदरं पाहिली होती, डोंगर एकही नाही. मी नेहमीप्रमाणे फाइल केली. पहिला दिवस गाव आणि संग्रहालय, दुसरा दिवस डोंगरावरच्या विश्रामघरापर्यंत चालत.

तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, केबल कार आहे ना तिथे? मग पायांना कशाला त्रास?"

माझा उजवा गुडघा कुरकुरतो हे त्याला ठाऊक होतं. मीही म्हणून बसले, "जाताना पायी आणि येतानाही पायी. फोटो पाठवीन." तो नुसता हसला. त्या हसण्यामुळेच मला ते करून दाखवायचं होतं.

सिंगापूरमध्ये डोंगराचा सराव करायचा कुठे? मरीन परेडला आमचं घर बाराव्या मजल्यावर. सहा महिने रोज सकाळी मी जिन्याने वर आणि लिफ्टने खाली, असं तीनदा करत असे. वहीत वेळ लिहीत असे. आठव्या मजल्यावरच्या चिनी आजीबाईंना वाटायचं लिफ्ट बिघडली; त्या दार उघडून म्हणायच्या, "लिफ्ट स्पॉइल आह, आंटी?" मी म्हणायची, "लिफ्ट ओके, लाह!" आणि पुढच्या मजल्याला लागायची.

गाव फार देखणं होतं. घरांच्या भिंतींवर रंगवलेली चित्रं, कमानींखालून जाणारा दगडी रस्ता. संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीच्या एका बाईचे डोंगर चढायचे बूट होते, तळव्यांना खिळे ठोकलेले. शेजारी तिचा घोळदार लोकरी झगाही टांगला होता. तो बघून माझ्या गुडघ्याची तक्रार मला जरा लाजिरवाणीच वाटली.

दुसऱ्या दिवशी चढायला लागलो. तिथल्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. विश्रामघर दोन तास, असं लिहिलेलं. मला ती पद्धत एकदम पटली. मान खाली घालून, एकेक पाऊल मोजत मी दोन तासांच्या आत वर पोहोचले. आजोबा मागून धापा टाकत आले. बाहेरच्या बाकावर जागा धरायला मी आपल्याकडे हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टेबलांवर ठेवतात तसं टिश्यूचं पाकीट ठेवून सूप आणायला गेले. परत येते तो तिथे एक म्हातारं जोडपं बसलेलं, आणि पाकीट फोडून बाई नाक पुसत होत्या. "देवाघरचं देणं समजून घेतलं त्यांनी," आजोबा म्हणाले. आम्ही त्यांच्याच बाकावर बसून सूप प्यायलो.

तोवर सगळं फाइलीप्रमाणे. उतरायला लागल्यावर वीस मिनिटांत गुडघ्याने नकार दिला. पुढे ओंडक्यांच्या उंच उंच पायऱ्या होत्या, कडेला खडकात ठोकलेली साखळी. प्रत्येक पायरीला गुडघ्यात कळ जात होती. मी थांबले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सहा महिन्यांत मी एकदाही उतरले नव्हते. रोज बारा मजले वर, आणि लिफ्टने खाली!

"अगं, हे पान नाही का तुझ्या फाइलीत?" आजोबा म्हणाले.

"नाही."

"मग परत वर जाऊ. चढायला तुला त्रास नाही. वरून केबल कारने खाली."

शहाणपणाचं तेच होतं. पण तुमच्या बाबाचं ते हसणं मला ऐकू येत होतं. मी म्हटलं, "अहो, जहाजात एवढ्या उभ्या शिड्या तुम्ही उतरत कसे होतात?"

ते म्हणाले, "तोंड शिडीकडे करून. सरळ उतरला तर पहिल्याच दिवशी पडतो माणूस. वळ. साखळी धर. मी खाली उभा राहून पायरी सांगतो."

मी वळले. "डावा. अजून खाली. हं, टेकला. आता उजवा." इंजिनरूममध्ये पोरांना सांगायचे तोच आवाज असणार. गुडघा गप्प झाला. वर जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली.

"बघतायत," आजोबा म्हणाले. "हडळ आलीय म्हणतील. पावलं उलटी!"

"आणि खाली उभा आहे तो वेताळ का?"

हसताना साखळी सुटेल म्हणून मी थांबले. वर बघितलं, तर चढताना मान खाली असल्यामुळे न दिसलेली सगळी शिखरं समोर होती. आजोबांनी फोटो काढला तो तेव्हाच. पायऱ्या संपल्यावर सरळ वळून जंगलातून सावकाश गावात आलो. पाटीवरच्या वेळेपेक्षा तासभर जास्त लागला. तेही मी वहीत लिहिलं.

व्हॉट्सअॅपवर तुमच्या बाबाला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दोन्ही वेळा पायी."

तेव्हा धाकट्या, मी पाठ करून उभी नाही रे. मी उतरते आहे.